संगणक जागा होतो, तेव्हा आणखी कोण कोण जागे होते?



हडपसरच्या गाडीतळावर भल्या पहाटे जो उभा राहील, त्याच्या एक गोष्ट सहज ध्यानात येईल. गाव एकदम जागे होत नाही. आधी मांजरी-फुरसुंगीकडून भाजीचे टेम्पो येतात, मग चहाच्या टपरीवर आधण चढते, मग दूध, वर्तमानपत्रे, आणि मग सोलापूर रस्त्यावर बसगाड्यांची रांग लागते. प्रत्येकाची वेळ ठरलेली आणि प्रत्येकाला कोणी ना कोणी नेमलेले. तुमचा संगणकही असाच टप्प्याटप्प्याने जागा होतो. बटण दाबणारे तुम्ही एकटे असता, पण त्याबरोबर पडद्यामागे जागे होणारे मात्र दहा-वीस असतात. त्यांतले कोण तुम्ही बोलावलेले आणि कोण न बोलावता आलेले, हे तुम्हाला सांगता येईल काय?

याच हडपसरात मगरपट्ट्यातील सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी आपली ४०० एकरांच्या आसपासची जमीन एकत्र करून नवे नगर वसवले. जेथे ऊस आणि भाजीपाला पिकत असे, तेथे आज सायबरसिटीच्या मनोऱ्यांत हजारो संगणक चालतात. ते सांभाळायला तेथे पगारी माणसे आहेत. पण तुमच्या शाळेच्या संगणक-खोलीतला, किंवा घरी सर्व भावंडांत मिळून वापरला जाणारा संगणक सांभाळणार कोण? त्याचे राखणदार तुम्हीच. राखणदाराने पहिली गोष्ट कोणती शिकावी? दारातून रोज आत कोण येते, याची यादी वाचायला!

बटण दाबल्यावर काय घडते?

वीज मिळताच संगणकाचा प्रक्रियक, म्हणजे प्रोसेसर, जागा होतो. पण त्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नसते. विंडोज म्हणजे काय, हेही नाही. तो मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायम लिहून ठेवलेली छोटी आज्ञावली वाचू लागतो. जुन्या यंत्रांत तिला बायोस म्हणत, नव्या यंत्रांत यूईएफआय म्हणतात. ही आज्ञावली स्मृती, कळफलक, तबकडी ही मंडळी हजर आहेत ना, याची हजेरी घेते. मग ती तबकडीवरील ठरावीक जागी जाते आणि तेथे ठेवलेली पुढची आज्ञावली उचलून प्रोसेसरच्या हाती देते. ती विंडोजचा गाभा स्मृतीत आणते. गाभा जागा झाला की तो आपल्या सेवांना, म्हणजे सर्व्हिसेसना, उठवतो. नंतर तुम्ही पासवर्ड देता आणि डेस्कटॉप दिसू लागतो.

येथे काम संपले असे आपल्याला वाटते. पण आता विंडोज काही याद्या उघडते आणि त्यांतील नावे पुकारू लागते. अशा याद्या मुख्यतः चार आहेत.

पहिली यादी म्हणजे ‘स्टार्टअप’ नावाचा फोल्डर. हे दोन असतात, एक तुमच्या एकट्याचा आणि दुसरा त्या संगणकावरील सर्वांचा. त्यात जे ठेवाल, ते आपोआप सुरू होते. दुसरी यादी रेजिस्ट्री नावाच्या मोठ्या नोंदवहीत असते. त्या वहीतील ‘रन’ नावाच्या कप्प्यात प्रोग्रॅमचे नाव आणि पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. तिसरी यादी सेवांची. त्या तुम्ही पासवर्ड देण्यापूर्वीही सुरू होऊ शकतात. चौथी यादी ‘टास्क शेड्यूलर’ची. ‘अमुक वाजता किंवा अमुक घटना घडली की हा प्रोग्रॅम चालव’, अशा सूचना तिच्यात असतात.

आता एक महत्त्वाचा प्रश्न. या याद्यांना एवढे महत्त्व का? उत्तर संगणकाच्या स्मृतीत आहे. चालू प्रोग्रॅम ज्या स्मृतीत राहतो, ती रॅम वीज गेली की कोरी होते. फळ्यावर लिहिलेले पुसून टाकावे तशी. म्हणून एखादा घातक प्रोग्रॅम आज कसाबसा आत शिरला, तरी संगणक बंद करताच तो स्मृतीतून नाहीसा होतो. उद्या पुन्हा यावयाचे असेल, तर त्याला कोठे तरी आपले नाव नोंदवून ठेवावेच लागते. चोराला घरात ये-जा चालू ठेवायची असेल, तर दाराची किल्ली कोठे तरी लपवावीच लागते, तसे हे आहे. ती किल्ली सापडली की चोरही सापडतो.

जोशींचा वाढदिवस

ही युक्ती विंडोजपेक्षा जुनी आहे. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ नावाचा विषाणू फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यात बसत असे. संगणक सुरू होताना आधी तोच कप्पा वाचतो, हे त्यांनी हेरले होते.

त्यानंतर चारच वर्षांनी, १९९० साली, भारतात एक विषाणू आढळला. त्याचे नाव जगभर ‘जोशी’ असेच पडले! ५ जानेवारीला संगणक सुरू केला की तो अडून बसे आणि पडद्यावर इंग्रजीत सांगे, ‘हॅपी बर्थडे जोशी, असे टाइप करा.’ मुकाट्याने तसे टाइप केले की स्वारी खूश आणि यंत्र पुन्हा चालू. वर्षातील बाकीचे ३६४ दिवस तो गप्प राहून एका फ्लॉपीवरून दुसरीवर पसरत असे.

गंमत वाटली ना? पण त्याची चलाखी नीट पाहा. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबून संगणक पुन्हा सुरू केला, तरी जोशी स्मृतीत टिकून राहत असे. वीज न तोडता केलेल्या अशा पुनरारंभाला तो दाद देत नसे. शिवाय पहिला कप्पा तपासू गेल्यास तो स्वतःला लपवून मूळचा चांगला मजकूर पुढे करी. मग त्याला काढीत कसे? वीज पूर्णपणे बंद करावयाची, खात्रीची स्वच्छ फ्लॉपी घ्यावयाची, तिच्या कडेची खाच चिकटपट्टीने झाकावयाची म्हणजे तिच्यावर काही लिहिता येत नसे, आणि त्या फ्लॉपीवरून संगणक सुरू करावयाचा. चोर झोपेत असताना घर झडावे, तसा हा प्रकार. हे तत्त्व लक्षात ठेवा; लेखाच्या शेवटी ते पुन्हा कामी येणार आहे.

अशा विषाणूंशी झगडतच पुण्यात कैलास आणि संजय काटकर या बंधूंनी नव्वदच्या दशकात ‘क्विक हील’ हे विषाणूरोधक सॉफ्टवेअर तयार केले. संगणक-दुरुस्तीच्या छोट्या दुकानातून वाढत गेलेला तो उद्योग पुढे देशभर पोहोचला.

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा

विषाणूचे नाव जोशी, म्हणून तो लिहिणारा जोशीच असला पाहिजे, असे तुम्ही म्हणाल काय? नाही ना? मग यादीतील नावावर तरी लगेच विश्वास का ठेवावा?

मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातील संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्याने विंडोजच्या सेवांच्या यादीत आपली नोंद केली, ती ‘मायक्रोसॉफ्ट सिक्युरिटी सेंटर’ या भारदस्त नावाने! दरोडेखोराने पहारेकऱ्याचा गणवेश घालावा तसेच हे. उलट अर्थही ध्यानात घ्या. विंडोजमधील अनेक खऱ्या, आवश्यक प्रोग्रॅमांची नावे इतकी विचित्र असतात की पाहणाऱ्याने घाबरून जावे. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे त्यांपैकी एक. ते नाव एकाच वेळी दहा-वीस ठिकाणी दिसते आणि तरी त्यात काही गैर नसते.

तेव्हा नाव हा पुरावा नव्हे. मग पुरावा कोणता? तीन गोष्टी पाहाव्यात.

एक, पत्ता. खरा एसव्हीसीहोस्ट विंडोजच्या ‘सिस्टिम३२’ फोल्डरात राहतो. तेच नाव धारण करणारा कोणी ‘डाउनलोड्स’ किंवा ‘टेम्प’ फोल्डरात राहत असेल, तर तो तोतया समजावा.

दोन, प्रकाशक आणि त्याची अंकीय सही. फाइलवर उजवी कळ दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडा. तेथे ‘डिजिटल सिग्नेचर्स’ हा भाग असेल, तर तो पाहा. ही सही गणिताने केलेली असते. फाइलमधील एक अक्षर बदलले तरी ती जुळत नाही. मात्र विंडोजच्या स्वतःच्या काही फाइलींची सही वेगळ्या ठिकाणी नोंदलेली असते आणि लहान पण प्रामाणिक कारागिराच्या प्रोग्रॅमवर सही नसूही शकते. म्हणून सही नसणे हा गुन्हा नव्हे, ते चौकशीचे कारण आहे.

तीन, आगमनाची तारीख. हा प्रोग्रॅम संगणकावर कधी आला? त्याच दिवशी तुम्ही काही नवे उतरवून घेतले होते का? प्रकल्प छापण्यासाठी झेरॉक्सच्या दुकानात नेलेला पेन ड्राइव्ह लावला होता का? पेन ड्राइव्हवरील फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी बाण असलेली चिन्हे दिसू लागली, तर ती उघडू नका. अशा चिन्हामागे बहुधा एक आज्ञा दडलेली असते, आणि ती पहिल्या टिचकीलाच स्टार्टअपच्या यादीत घुसते.

‘प्रोग्रॅम’ नावाचा पाहुणा

पुष्कळ संगणकांच्या यादीत एक नोंद दिसते. तिचे नाव नुसते ‘प्रोग्रॅम’. प्रकाशकाचा रकाना कोरा, चित्र पांढऱ्या कागदाचे. पाहणारा दचकतो. पण हे कोडे बहुधा साध्या विरामचिन्हाचे असते.

असे समजा की एका पाकिटावर ‘नवी पेठ’ असा पत्ता आहे आणि पोस्टमन पहिल्या मोकळ्या जागेपाशी वाचणे थांबवतो. त्याच्या हाती फक्त ‘नवी’ उरेल. आता ‘नवी’ नावाचे ठिकाण तो कोठे शोधणार? संगणकातही असेच होते. पुष्कळसे प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात राहतात आणि या नावात मधेच एक मोकळी जागा आहे. म्हणून असा पत्ता अवतरणचिन्हांत लिहावा लागतो. लिहिणाऱ्याने ती चिन्हे गाळली आणि पुढे तो प्रोग्रॅमच संगणकावरून काढून टाकला गेला, तर विंडोजला त्या पत्त्यावर कोणी सापडत नाही. मग पहिल्या मोकळ्या जागेपर्यंतचा तुकडा, ‘प्रोग्रॅम’, तेवढा यादीत शिल्लक राहतो. भाडेकरू गेला, पण दारावरची अर्धी पाटी तशीच राहिली!

ही पाटी बहुधा निरुपद्रवी असते. तरीही अवतरणचिन्हे गाळणे चांगले नव्हे. अर्धवट पत्त्यावर त्याच नावाची दुसरी फाइल कोणी आणून ठेवली, तर पत्र भलत्याच्याच हाती पडेल. एका विरामचिन्हाचे मोल काय असते, हे व्याकरणाच्या तासाला पटले नसेल, तर येथे पटावे.

यादी कशी वाचावी?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकदम दाबा. ‘टास्क मॅनेजर’ उघडेल. त्यात ‘स्टार्टअप’ किंवा ‘स्टार्टअप ॲप्स’ हा भाग निवडा. नाव, प्रकाशक, स्थिती आणि परिणाम असे रकाने दिसतील. आता रकान्यांच्या मथळ्यावर उजवी कळ दाबून ‘कमांड लाइन’ हा रकाना चालू करा. त्यात प्रत्येकाचा पूर्ण पत्ता दिसतो. ‘प्रोग्रॅम’ नावाच्या पाहुण्याचे मूळ गावही तेथेच कळेल.

परिणामाच्या रकान्यातील ‘हाय’, ‘मीडियम’, ‘लो’ हे शब्द अंदाजाने लिहिलेले नसतात. सुरू होताना जो प्रोग्रॅम प्रोसेसरचा एका सेकंदाहून अधिक वेळ घेतो, किंवा तबकडीशी तीन मेगाबाइटहून अधिक देवघेव करतो, तो ‘हाय’. जो ३०० मिलिसेकंदांहून कमी वेळ आणि ३०० किलोबाइटहून कमी देवघेव करतो, तो ‘लो’. मधले सारे ‘मीडियम’.

येथे चारही याद्यांतील सर्व नोंदी दिसत नाहीत. सेवा आणि शेड्यूलरची कामे वेगळी पाहावी लागतात. सर्व याद्या एकत्र पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच ‘ऑटोरन्स’ नावाचे मोफत साधन आहे. ज्या नोंदीची फाइलच जागेवर नाही, ती त्यात पिवळी दिसते. ज्या नोंदीच्या प्रकाशकाची खात्री पटत नाही, ती गुलाबी दिसते. हे साधन मात्र शिक्षकांच्या देखरेखीखालीच वापरावे, कारण त्यात विंडोजच्या मर्मस्थानांनाही हात लागू शकतो.

बंद करा, पुसू नका

संशयित नोंद दिसताच ती पुसून टाकण्याचा मोह होतो. तो आवरा. टास्क मॅनेजरमध्ये नोंदीवर उजवी कळ दाबून ‘डिसेबल’ करावे. त्यामुळे प्रोग्रॅम संगणकावर राहतो, फक्त सकाळी त्याचे नाव पुकारले जात नाही. चुकले तर ‘एनेबल’ करून पूर्ववत करता येते. पुसलेले परत आणणे मात्र अवघड.

आणि एका वेळी एकच नोंद बंद करावी. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो, तसेच. पाच नोंदी एकदम बंद केल्या आणि दुसऱ्या दिवशी मराठी टंकलेखन चालेनासे झाले, तर पाचांपैकी दोषी कोण, हे कसे कळणार? टंकलेखनाचा प्रोग्रॅम, आवाजाचा चालक, टचपॅडचा चालक आणि विषाणूरोधक यांना सहसा हात लावू नये.

एक बारकावा आणखी. नव्या विंडोजमध्ये ‘शट डाउन’ केले, तरी पुष्कळदा गाभ्याची स्थिती तबकडीवर जपून ठेवली जाते, म्हणजे सकाळी सुरुवात लवकर व्हावी. म्हणून बदलाचा परिणाम पाहण्यासाठी ‘रीस्टार्ट’ करावे. त्याने गाभा खरोखर नव्याने सुरू होतो.

संथपणाचे गणित

शाळेतील जुना संगणक सकाळी घोगलगायीसारखा का चालतो, हे आपण गणिताने पाहू. त्यातील फिरती तबकडी मिनिटाला ७,२०० फेऱ्या करते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेरीला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकाच्या टोकाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद थांबावे लागते. टोक योग्य वर्तुळावर नेण्यास आणखी साधारण ९. एकूण १३ मिलिसेकंद झाले.

समजा, सुरुवातीलाच दहा प्रोग्रॅम उठतात आणि प्रत्येकाला तबकडीवर विखुरलेले ३०० तुकडे हवे असतात. एकूण तुकडे ३,०००. त्यांना १३ ने गुणा. ३९,००० मिलिसेकंद, म्हणजे ३९ सेकंद केवळ धावपळीत गेले! हेच तुकडे फिरते भाग नसलेल्या एसएसडीवर प्रत्येकी सुमारे एक दशांश मिलिसेकंदात मिळतात. तेथे सारे काम ०.३ सेकंदात उरकते. म्हणून नव्या यंत्रावर पाहुण्यांची गर्दी जाणवत नाही. पण जाणवत नाही, याचा अर्थ गर्दी नाही असा मात्र नव्हे.

संशय खरा ठरला तर?

संथपणा ही त्यातल्या त्यात सौम्य तक्रार. शाळेच्या संगणकावर परीक्षांचे गुण असतात, घरच्या संगणकावरून आईवडील बँकेचे व्यवहार करतात. कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ टिपणारा एखादा प्रोग्रॅम रोज सकाळी उठत असेल, तर पासवर्ड कितीही अवघड असून उपयोग काय? ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत घातक प्रोग्रॅम घुसवून चोरट्यांनी सुमारे ९४ कोटी रुपये पळवले. एवढ्या मोठ्या बँकेची ही कथा, तर आपण गाफील राहून कसे चालेल?

तेव्हा दगाबाजीची खात्री वाटली, तर प्रथम इंटरनेटचे जोडणे तोडा. संगणकावर कोणताही पासवर्ड टाइप करू नका. शिक्षकांना किंवा घरातील मोठ्यांना सांगा, लपवू नका. मग ‘विंडोज सिक्युरिटी’मधील तपासणीच्या पर्यायांतून ‘ऑफलाइन’ तपासणी निवडा. ती निवडताच संगणक रीस्टार्ट होतो आणि नेहमीची विंडोज उठण्यापूर्वीच तपासणी सुरू होते. का, ते ओळखलेत? जोशीला काढण्यासाठी स्वच्छ फ्लॉपी वापरीत, तेच हे तत्त्व. चोर जागा होण्याच्या आत घर झडायचे! साधने बदलली, युक्ती तीच राहिली. पासवर्ड मात्र दुसऱ्या, खात्रीच्या संगणकावरून बदलावेत. पैशांची फसवणूक झाली असेल, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत-क्रमांकावर कळवावे.

करून पाहा

१. शिक्षकांच्या परवानगीने आपल्या संगणकाची स्टार्टअप यादी वहीत उतरवा. रकाने असे आखा: नाव, प्रकाशक, पत्ता, परिणाम, आणि ‘हा कोणी व कशासाठी बोलावला?’ शेवटचा रकाना कोरा राहील, त्या नोंदींची चौकशी करा.

२. रीस्टार्ट केल्यापासून डेस्कटॉपवरील एखादी फाइल उघडेपर्यंतचा वेळ घड्याळाने तीनदा मोजा आणि सरासरी काढा. ‘हाय’ परिणामाची एक अनावश्यक नोंद बंद करून पुन्हा तीनदा मोजा. फरक पडला का? न पडल्यास का बरे?

३. विचार करा: जोशी विषाणू वर्षातून एकच दिवस तोंड उघडत असे. तो रोज संदेश दाखवता, तर अधिक पसरला असता की कमी?

४. महिन्याने यादी पुन्हा उतरवा आणि जुन्या यादीशी ताडून पाहा. नवे नाव आले असेल, तर त्याला विचारा: तुला कोणी बोलावले?